तोडला म्हणायचं नाही

एका क्रियापदासाठी माणसाला भर उन्हात ताटकळत उभं ठेवणारा मिस्त्री तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिला आहे. आजही त्याची आठवण आली की आधी माझं डोकं तापतं, आणि ते नेमकं कुणावर तापलं आहे हे ठरवायला मला जरा वेळ लागतो.

तेव्हा मी तुमसरच्या एका राइस मिलवर नवाच ड्रायव्हर म्हणून लागलो होतो. माझ्या आधीच्या ड्रायव्हरकडून ट्रकचा मागचा एक्सल गेला होता. शेठनी त्याला स्टिअरिंगवरून उतरवलं आणि मला बसवलं. त्यामुळे माझं पहिलं काम ट्रक चालवण्याचं नव्हतंच. ट्रॅक्टरला साखळीनं बांधलेला ट्रक ओढत मिस्त्रीकडे न्यायचा, हे होतं. ज्यांना गाडीतलं काही कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो, एक्सल म्हणजे मागच्या चाकाला फिरवणारा लोखंडी दांडा. त्याचं एक टोक चाकाशी नट-बोल्टनं बांधलेलं, दुसरं टोक मधल्या डिफ्रन्शियलच्या आत, दातेरी चाकात अडकवलेलं. हा दांडा तुटला की इंजिन कितीही ओरडो, गाडी जागची हलत नाही.

मिस्त्रीचं टिनाचं शेड भंडारा रोडवर होतं. तो उलट्या खोक्यावर बसून पेपर वाचत होता. अंगात पांढराशुभ्र, पूर्ण बाह्यांचा शर्ट. मला वाटलं, हा कुणी गिऱ्हाईक असेल. विचारलं तर म्हणाला, "मीच मिस्त्री. बोल."

"आधीच्या ड्रायवरनं एक्सल तोडला, मिस्त्री."

"काय केला?"

"तोडला."

"तोडताना तू पाह्यला काय?"

"नाही."

"मंग?" आणि पेपर पुन्हा तोंडासमोर.

मला वाटलं, म्हातारा कानानं कमी असेल. मी जवळ जाऊन ओरडून सांगितलं, एक्सल तोडला. त्यानं पेपरचं पान उलटलं. ट्रॅक्टरवाला घाई करत होता, ऊन डोक्यावर आलं होतं आणि हा माणूस बाजारभाव वाचत होता. शेवटी समोरच्या टपरीवरचा चहावाला रस्ता ओलांडून आला आणि माझ्या कानाशी म्हणाला, "भाऊ, तुटला म्हना. तोडला म्हनाल तं संध्याकाळवर तो उठत नाही."

मी दात-ओठ खात म्हटलं, "तुटला."

पेपरची घडी झाली. "हां. आता सांग, कोनत्या बाजूचा तुटला?"

मी मनातल्या मनात त्याला जे काही म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. ट्रक तिथं टाकला आणि चालत मिलवर परत गेलो. नवा दांडा शेठ स्वतः पाठवणार होते. काम झाल्याचा निरोप आल्यावर जाऊन गाडी घेऊन आलो, आणि या दुकानाची पायरी पुन्हा चढायची नाही असं ठरवलं. अर्थात असं ठरवून भागत नाही. चांगला हात असलेला दुसरा मिस्त्री जवळपास नव्हता, आणि धानाच्या हंगामात गाडीला रोज काही ना काही होतच असतं.

त्याच्या त्या पांढऱ्या शर्टाचाही मला राग यायचा. "कपडे काळे झाले म्हनजे काम येत नाही," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा. खरं कारण मला लवकरच कळलं. गाडीखाली जायची वेळ आली की तो ड्रायव्हरला पाठवायचा! "जाय रे बाबू, तो खालचा नट पाहून ये." नट पाहायला गेलेला माणूस तेल गाळून, नट खोलून, तोंड काळं करूनच बाहेर यायचा. हा बाहेर उभा राहून हुकूम सोडायचा. मी त्याला एकदा म्हटलं, मिस्त्री, मजुरी अर्धी मला द्या. तो म्हणाला, "तुले गाडी शिकवून राहिलो, त्याची फी कोन देईन?"

दुसरी खोड वाजवण्याची. लोखंडाची कुठलीही वस्तू त्याच्या हातात आली की तो ती एका हातात अधांतरी धरायचा आणि दुसऱ्या हातानं छोटी हातोडी मारून कान लावायचा. आवाज लांबला तर मान हलवायची, आवाज मध्येच मेला तर वस्तू बाजूला. "बसका आहे," एवढंच म्हणायचा. चहाचा ग्लाससुद्धा तो बोटानं वाजवून मगच तोंडाला लावायचा. एकदा मी मिलचं काम घेऊन भंडाऱ्याला निघालो होतो, तेव्हा तो आणि त्याची बायको कॅबिनमध्ये बसून आले. भाचीच्या लग्नासाठी पाणी भरायचा पितळेचा गुंड घ्यायचा होता. दुकानात त्यानं एकामागून एक सगळे गुंड वाजवले. बायको एका गुंडाला हात लावायची, हा तो वाजवून म्हणायचा, बसका. दुकानदार आधी हसला, मग गप्प झाला, मग म्हणाला, "बाबाजी, घंटाच वाजवाची आहे तं मंदिरात जा ना." आम्ही गुंड न घेताच परत आलो. सबंध रस्ताभर त्या बाईनं त्याला जे सुनावलं ते ऐकून मला फार बरं वाटलं.

पण मुख्य खोड त्या शब्दाची. कधीतरी त्याचं मूळ त्यानंच सांगितलं. घराणं विणकरांचं. बाप मागावर बसायचा. मागावर धागा तुटतो, तो तुटणारच. विणणारा थांबतो, गाठ मारतो, पुढे विणतो. पण माल घ्यायला येणारा व्यापारी कापडावर बोट फिरवायचा, गाठ लागली की म्हणायचा, "इथं तोडलास." बाप मान खाली घालून उभा राहायचा. "माया बापानं जिंदगीत एक धागा तोडला नाही," मिस्त्री म्हणायचा. "तोडाले त्याचं काय डोकं फिरलं होतं? अन् तरी तो हो म्हने. मी लहान होतो, पन मले तवाच असं वाटे का त्या व्यापाऱ्याच्या डोक्शात मागाचा धोटा हाणावा."

यावरून कुणाला वाटेल की हा सगळ्यांना माफ करत सुटणारा देवमाणूस होता. तसं मुळीच नव्हतं. पेपरमध्ये कुठल्या तरी नाल्यावरचा पूल पहिल्याच पावसाळ्यात तुटला अशी बातमी आली की तो टपरीवर जाऊन ती मोठ्यानं वाचायचा आणि "तुटला" या शब्दावर हात आपटायचा. "तुटला म्हन्ते! तोडला लिहा ना बे! बांधतानाच तोडला त्याले!" जणू बातमीदार टपरीच्या मागेच लपून बसला होता. म्हणजे ड्रायव्हरनं म्हटलं तोडला तर हा भांडणार, पेपरनं म्हटलं तुटला तरी हा भांडणार. माणसानं बोलावं तरी काय?

हे सगळं मला तेव्हा निव्वळ चक्रमपणाचं वाटायचं. पण त्या शब्दात काय आहे ते माझ्या मिलमध्येच रोज दिसत होतं. आधीचा तो ड्रायव्हर आता तिथंच पोती उचलत होता. त्याला सगळे 'तोड्या' म्हणायचे. हमाल, मुनीम, वजनकाट्यावरचा माणूस, सगळेच. "ए तोड्या, इकडची थप्पी घे." त्यानं बाहेर चार ठिकाणी काम मागून पाहिलं. तुमसरपासून भंडाऱ्यापर्यंत गाडीमालक एकमेकांना ओळखतात, आणि ज्याच्यामागे हे नाव लागलं त्याच्या हातात कुणी चावी देत नाही. त्याचं खरं नाव मला फार उशिरा कळलं. तो गाडी चांगली चालवत असे, असं जुने लोक सांगतात. पण एकदा एका माणसानं एक शब्द उच्चारला आणि त्याचा पोटाचा धंदाच गेला.

आणि पुढच्या हंगामात माझी पाळी आली.

आंबागडकडून धानाची पोती भरून येत होतो. नाल्याच्या चढावर गियर बदलला, क्लच सोडला आणि मागून खाडकन आवाज झाला. इंजिन सुरू, गियर पडलेला, आणि गाडी मागे सरकायला लागली. ब्रेकवर उभा राहिलो, चाकाला दगड लावले, खाली उतरलो. काय झालं ते कळलंच होतं. मी क्लच झटक्यानं सोडला नव्हता. पोतीही रोजच्याइतकीच होती. पण हे माझ्या बाजूनं सांगायला त्या नाल्यावर एका म्हशीशिवाय कुणी नव्हतं. पोत्याखाली वाकलेली तोड्याची पाठ माझ्या डोळ्यांसमोर आली.

ट्रॅक्टरमागे ओढत ट्रक मिस्त्रीच्या शेडपर्यंत आणला तर शेठ आधीच येऊन स्कूटरवर बसलेले. शेडमध्ये आणखी दोन-तीन ड्रायव्हर आपापल्या गाड्यांपाशी उभे. त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात शेठ म्हणाले, "तोडला ना शेवटी? मले मालूमच होतं. क्लचवर नाचत असन."

मिस्त्री पुढे आला. "शेठ, माया दुकानात हा शब्द चालत नाही."

"बरं बाबा, तुटला. आपोआप तुटला! हवेनं तुटला! आता वेल्डिंग मारा अन् लवकर काढा. दुसरा ड्रायवर सांगून ठेवला आहे म्या, तो सकाळी येऊन राहिला."

माझ्यादेखत हे बोलले. मी तिथं उभा आहे याचीसुद्धा त्यांनी दखल घेतली नाही.

चाकाकडचे नट खोलले तर दांड्याचा बाहेरचा अर्धा तुकडा सहज हातात आला. आतला तुकडा मात्र दांडा ज्या नळीतून जातो तिच्यात खोलवर, डिफ्रन्शियलच्या दातेरी चाकात रुतून राहिला. तो काढायचा झटपट मार्ग म्हणजे एक लांब सळई आत घालून त्याला वेल्डिंगनं चिकटवायची आणि ओढायची. मिस्त्री म्हणाला, "वेल्डिंग नाही. तोंड जळते."

"कोनाचं तोंड?"

"लोखंडाचं. तुटलं तिथचं तोंड पाह्यल्याबिगर मी कोनाचं नाव घेत नाही, अन् कोनाले घेऊ देत नाही."

मला एवढा धीर आला की त्या क्षणी त्यानं मला गाडीखाली दहादा पाठवलं असतं तरी मी गेलो असतो. पण मग एक विचित्र गोष्ट झाली. बाहेर आलेला अर्धा तुकडा त्यानं डिझेलमध्ये धुतला, त्याची चाकाला बसणारी गोल चकती फडक्यानं पुसली आणि तिच्यावर अंगठा ठेवून तो तसाच बसून राहिला. मग तुकडा बाजूला ठेवला, आणि त्यानंतर त्याच्या तोंडून एक शब्द निघेना. शेठ बोलत होते, ड्रायव्हर बोलत होते, हा गप्प. मला वाटलं, झालं, ह्यानंही मला सोडलं. बडबड्या माणसानं नेमक्या आपल्या वेळी तोंड शिवून घ्यावं याचा मला इतका संताप आला की सांगता येत नाही.

त्यानं सायकलच्या ब्रेकची वायर घेतली. ती दुमडून एका बारीक पाइपातून पलीकडे काढली आणि टोकाला फासा केला. चाकासमोर जमिनीवर बसून त्यानं तो पाइप नळीत सारला. मी टॉर्च धरला. आतल्या तुकड्याचं बाहेर आलेलं टोक तेलात चमकत होतं. फासा त्याच्यावर अडकवायचा आणि वायर ताणायची. फासा बसायचा आणि ताणला की निसटायचा. पुन्हा पाइप बाहेर, पुन्हा फासा वाकवायचा, पुन्हा आत. शेठ घड्याळ पाहत होते. नळीतून काळं तेल ओघळून मिस्त्रीच्या बाहीवर, मग शर्टाच्या पुढच्या बाजूवर पसरलं. त्याचं तिकडे लक्षच नव्हतं.

अखेर फासा धरला. त्यानं वायर एका सळईला गुंडाळली आणि हळूहळू, झटका न देता ओढत राहिला. आत कुठे तरी कुरकुर झाली, अडकलेलं सुटलं आणि तुकडा सरकत नळीच्या तोंडाशी आला. बाळंतिणीच्या खोलीतून मूल बाहेर आणावं तसा त्यानं तो दोन्ही हातांत झेलला. तुटलेलं टोक त्यानं जमिनीला लागू दिलं नाही. पुसून दोन्ही तुकडे टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि मग तो बोलला.

"इकडे या शेठ. दांड्याच्या आतल्या टोकाचे हे दाते पाहा. सरळ आहेत का नाही? क्लचचा झटका बसला असता तं पिळले असते. आता तोंड पाहा. हा सारा काळा भाग, ही जुनी चीर आहे. कडेपासून आत आत सरकत गेली. अन् हा कोपऱ्यातला एवढुसा, तांदळाच्या कणकीवानी पांढरा, एवढाच आज गेला. या पोराचा काही दोष नाही."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मी लपवलंही नाही.

शेठ स्कूटरवरूनच म्हणाले, "म्हनजे आपोआपच तुटला."

"नाही," मिस्त्री म्हणाला. "तोडला."

सगळ्यांनी माना वळवल्या. त्या शेडमध्ये तो शब्द त्याच्या तोंडून कुणी कधी ऐकला नव्हता.

"म्या तोडला." त्यानं बाहेरचा तुकडा उचलून चकती आमच्यासमोर धरली. तिच्यावर दोन बारीक ठिपके ठोकलेले होते. आपल्या हातानं बसवलेल्या प्रत्येक वस्तूवर तो तसे ठिपके ठोकायचा. "हा दांडा मायाच हातचा आहे. मागच्या सीझनले बसवला. बसवाच्या आधी वाजवला होता. आवाज बसका होता. मले ऐकू आला होता, अन् तरी बसवला."

मग शेठ स्कूटरवरून उतरले, जवळ आले आणि मान हलवत, दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "मिस्त्री, तुमच्यावर भरवसा होता आमचा."

मला म्हणाले, "तू चालव रे बाबा गाडी. तुयी काही चूक नाही." आणि स्कूटर सुरू करून गेले.

मी मिस्त्रीला विचारलं, "शेठनं तो दांडा आनला कुठून होता?"

"कबाड्याकडून. भंगारातला."

"बसका आहे हे तुमी त्याहिले सांगतलं नाही?"

"सांगतलं ना. ते म्हने, धानाचा सीझन आहे, गाडी उभी राहून राहिली, एवढा सीझन काढून घ्या."

"मग त्याहिनंच तोडला!" मी ओरडलो. "जनमभर या एका शब्दासाठी लोकाइसंगं भांडले तुमी. आज तो शब्द ज्याच्या तोंडावर फेकाचा तो समोर उभा होता, अन् तुमी सोताच्या अंगावर घेतला? काहून?"

"आनला त्यानं. बसवला कोनं?"

"त्याहिनं सांगतला म्हनून बसवला ना!"

"आवाज कोनं ऐकला होता? त्यानं का म्या?" तो बाही पिळत होता. तेल निघणार नव्हतं, पण पिळत होता. "मले नाही म्हनता येत होतं, बाबू. म्हटलं नाही. बस."

मी त्याच्याशी त्या दिवशी खूप भांडलो. मी वाचलो होतो, माझ्या हातात चावी राहिली होती, आणि मी ज्याच्यामुळे वाचलो त्याच्यावरच तोंडसुख घेत होतो. पण मला अजूनही वाटतं, माझंच बरोबर होतं. स्वतःचा वाटा त्यानं कबूल करावा, जरूर करावा. शेठचा वाटा कशाला पोटात घालायचा? त्याच्या बापानं व्यापाऱ्यासमोर मान खाली घातली, त्याचा ह्याला इतका राग होता, आणि हा दुसरं काय करून बसला?

व्हायचं तेच झालं. मिस्त्री स्वतःच कबूल झाला, ही बातमी आठवड्याच्या आत सगळ्या मिलवर पोचली. कबाड्याकडच्या दांड्याचं कुणी बोललं नाही. मी बोलायचो, हमालांना सांगायचो, काट्यावर सांगायचो. लोक म्हणायचे, त्यानं स्वतःच सांगितलं ना, मग तू कशाला तोंड वाजवतो? शेठनी गाड्या दुसरीकडे पाठवायला सुरुवात केली, त्यांचं पाहून इतरांनीही. पुढे शेड बंद झालं. आता मिस्त्री आंबागडला बायकोच्या गावी राहतो. मी त्या बाजूला गेलो की भेटतो. तो खुशाल असतो, आणि त्याचं मला आणखी वाईट वाटतं. माझ्याइतकं तरी त्यानं चिडायला हवं.

यंदा आमच्या दुसऱ्या ट्रकचा एक्सल खराब झाला. शेठनी पुन्हा कुठून तरी जुना दांडा आणला आणि मला सांगितलं, भंडारा रोडवरच्या नव्या गॅरेजात देऊन ये. तिथला मिस्त्री तरुण आहे, कमी बोलतो. त्यानं दांडा हातात फिरवून पाहिला आणि परत माझ्या हातात दिला. "हा मी बसवत नाही. नवा आना." वर एक शब्द नाही. मी दांडा घेऊन मिलवर आलो. शेठ ऑफिसात टेबलाशी चहा घेत बसले होते. बशीवर कप, कपाशेजारी मोबाइल.

मी सांगितलं, तो नाही म्हणतो.

शेठ वैतागले. "नाही म्हन्ते म्हनजे काय? मिस्त्री आहे का इंजिनियर?" मग चहाचा घोट घेऊन, अगदी मनापासून, आठवण काढल्यासारखं म्हणाले, "तो म्हाताराच बरा होता यार. तोंडाचा फटकळ होता, भांडे लय. पन बसवून देत होता."

ते त्याचं कौतुक करत होते! म्हाताऱ्यानं सगळ्यांसमोर छातीवर हात ठेवून जी चूक कबूल केली, धंदा गेला तरी जी नाकारली नाही, ती या माणसाला त्याचा गुण वाटत होती. आणि आता तसं कुणी मिळत नाही म्हणून त्याला वाईट वाटत होतं.

मी तो दांडा उचलला. जड असतो, दोन्ही हात लागतात. त्यांच्या टेबलावर, फायली सरकवून, चहाच्या कपाला लागून तो आडवा ठेवला. टेबलाची काच तडकली.

"घ्या शेठ," मी म्हटलं. "तुमीच बसवा."